गिऱ्हाईक

क्रूझवर बारची नोकरी हवी तर जबाबदारीने दारू वाढण्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि कुवेतमध्ये तर दारूलाच बंदी! मग सराव करायचा कुणावर? म्हणून शुक्रवारी दुपारी, रिग्गईतल्या खोलीवर, सुदेशने खोलीतले सोबती गफूरभाई यांनाच दारुडं गिऱ्हाईक बनवलं. गफूरभाई पाच वेळचे नमाजी, आयुष्यात थेंबाला न शिवलेले. त्यांच्यापुढे ग्लास ठेवला तो रुकय्याभाभींनी गावाहून पाठवलेल्या कोकम सरबताचा.

पण गडी रंगात आला. डोळे तारवटून, खाटेवर थाप मारून अडखळत्या जिभेने ओरडला, "आणखी एक भर!"

कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे सुदेशने आवाज खाली आणला आणि ग्लास हळूच बाजूला सरकवला. "सर, आता पुरे. हे पाणी घ्या. मी टॅक्सी बोलावतो. घर कुठे तुमचं?"

"जयगड," गफूरभाई म्हणाले. "खाडीकडे उतरताना डाव्या हाताला. फाटक लोटू नकोस, करकरतं, धाकटी रिदा उठेल. मागच्या दाराने जाऊ. रुकय्या जागीच असेल."

"फक्कड जमलं, गफूरभाई!" सुदेश हसला.

गफूरभाई हसले नाहीत. त्यांची जीभही आता अडखळत नव्हती. "टॅक्सी बोलावतोस ना?"

बाटलीत जेमतेम ग्लासभर सरबत उरलं होतं. शिकलेलं सगळं विसरून सुदेशने ते त्यांच्या ग्लासात ओतलं.