कप्प्यांचे नंबर

मनीषाने एक डिस्क मशीनच्या रॅकमधल्या कप्प्यात सरकवली आणि पुन्हा बाहेर ओढली. कुठली डिस्क कुठल्या कप्प्यातली, हे आता तिला सांगता येत नव्हतं.

सकाळी खंडेनवमीची पूजा झाली होती. गंगापूर रोडवरच्या त्या हॉस्पिटलात दरवर्षी सगळ्या यंत्रांना हार पडायचे. पण तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मनीषाचा उत्साह मुलखावेगळा. पेशंटांची स्कॅन साठवणारं मशीन बंद करून तिने त्यातल्या सगळ्या डिस्क काढल्या, ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या आणि पाटावर मांडून एकेकीला हळदीकुंकू लावलं. डिस्कवर स्केचपेनने घातलेले कप्प्यांचे नंबर त्या पुसण्यातच गेले. ते नंबर तिनेच घातले होते. कप्पा चुकला तर काही उघडणार नाही, हे सगळ्यांना बजावणारीही तीच.

दारात डॉक्टर उभे होते. त्यांच्या मागे पेठ तालुक्यातला बारकू. त्याची बायको सखुबाई ऑपरेशनसाठी उपाशीपोटी पडून होती. पोटातली गाठ वाढली की नाही, हे या मशीनमधल्या जुन्या स्कॅनशी ताडून बघितल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. बारकूच्या घरची फिल्म गळक्या छपराखाली केव्हाच खराब झाली होती.

काय झालं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"लाईट गेली सर, तेव्हापासून मशीन उघडत नाहीये," मनीषा बोलून गेली. तिचं तिलाच ऐकवेना.

पुण्याचा इंजिनिअर दसऱ्यानंतर येणार होता. तोवर अंदाजाने डिस्क लावू नका, आतलं सगळं जाईल, असं त्याने मनीषाला आधीच फोनवर सांगितलं होतं. इंजिनिअर दसऱ्यानंतर येईल, एवढंच तिच्याकडून ऐकून डॉक्टर वैतागले. सखुबाईला जेवायला द्या, आज काही होत नाही, एवढं म्हणून निघून गेले.

मनीषाची मान वर होईना. निदान या माणसाला तरी खरं सांगावं, असं तिला फार वाटलं. पण लाजेने ती रॅककडे वळली.

बारकू चपला बाहेर काढून आत आला. रॅकपुढे वाकून त्याने डिस्कवरचं कुंकू बघितलं आणि हात जोडले.

"नका वाईट वाटून घेऊ, ताई," तो म्हणाला. "तुमी तर पूजाबी केली. अजून माणसानं काय करावं?"