सतरावी चिठ्ठी

“उघडायची नव्हती, तर देवांनी पेटी दिलीच कशाला?” मागच्या बाकावरून प्रश्न आला आणि नववीचा अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

बाईही हसल्या. ग्रीक पुराणातली ही गोष्ट त्या दरवर्षी रंगवून सांगत. देवांनी एका तरुणीला बंद पेटी दिली, उघडू नकोस म्हणून बजावलं. तिला राहवलं नाही. झाकण उचललं आणि जगातली सगळी दुःखं भसाभसा बाहेर पडली.

“घडतं ते कथानक,” बाई म्हणाल्या. “आणि त्यातून गोष्ट आपल्याला जे सांगू पाहते, ते आशयसूत्र. इथे ते आहे मोह. तो काय फक्त तिलाच होता?”

मग त्यांनी बुटांचा रिकामा खोका टेबलावर ठेवला. प्रत्येकाने आपल्याला होणारा मोह चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही, घडी करून खोक्यात टाकायची.

“मी एकही वाचणार नाही. उद्या तुमच्यासमोर फाडून टाकेन. शब्द देते.”

मुलांनी माना खाली घातल्या. बाईंची स्वतःची लेकही याच वर्गात होती. शाळेत ती आईला बाईच म्हणे. तिच्या शेजारी मुंगी बसायची. तिची आई कपडे शिवायची. ही मुलगी अंगाने एवढीशी, आणि अक्षरही मुंग्यांच्या रांगेसारखं. म्हणून ते नाव.

शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत बाई एकट्याच उरल्या. वह्या तपासायच्या होत्या. एकही उघडली नाही. एकच चिठ्ठी, असं म्हणत त्यांनी खोक्यात हात घातला. मग दुसरी. परीक्षेत कॉपी, भावाचा मोबाइल, मैत्रिणीचा डबा. मध्येच उठून त्यांनी दाराला आतून कडी घातली. कडी खटकन वाजली तेव्हा त्यांचे कान तापले. तरी हात थांबला नाही.

सतराव्या चिठ्ठीवर मात्र हात थांबला.

‘घर सोडून निघून जायचा मोह होतो. पिशवी भरून ठेवली आहे. आईला सगळ्यांसाठी वेळ आहे, मी सोडून.’

बारीक, एकमेकांना चिकटलेली अक्षरं. मुंगी!

गप्प बसावं तर पोर निघून जायची. बोलावं तर आपण शब्द मोडला हे चव्हाट्यावर येणार. घरी जाईपर्यंत बाईंनी मनाशी ठरवलं. आपली लाज गेली तर जाऊ दे.

“आई, जरा बोलायचं होतं,” लेक दारातच म्हणाली.

“आल्यावर बोलू गं. एका मुलीच्या घरी जायचंय, तातडीचं आहे.”

“बरं,” म्हणून ती आत गेली.

मुंगीची आई शिलाई मशीनवर वाकली होती. शेजारी एक गिऱ्हाईक ब्लाउजची वाट बघत बसलं होतं. बाईंना पाहून मशीन थांबलं.

“काय केलं हो हिने?”

“तिने काही नाही. पण तुम्ही तिच्याशी बोलता का कधी? घरात कुणी ऐकणारं नसलं, की मुलं निघून जायच्या गोष्टी करतात.”

गिऱ्हाईक आता दोघींकडे टकामका बघू लागलं. मुंगीच्या आईचा चेहरा पडला.

“काम असतं हो. डोकं वर काढायला फुरसत होत नाही. तरी रोज जेवताना...” तिने पदर डोळ्यांना लावला. “माझंच चुकलं असेल.”

“चूक माझीही आहे,” बाई हळूच म्हणाल्या. “मुलांना वाचणार नाही म्हणाले होते, आणि तिची चिठ्ठी वाचली.”

आतल्या दारात मुंगी उभी होती. बाई निघाल्या तशी ती मागोमाग जिन्यापर्यंत आली.

“तुम्ही शब्द दिला होता, बाई.”

“हो गं. तुझ्याकडे बघायची हिंमत होत नाही मला. पण ती पिशवी तेवढी रिकामी कर, बाळा. आई आता तुझं ऐकेल.”

“माझी आई ऐकते माझं,” मुंगी म्हणाली. “अक्षर माझं आहे. पण तिचं अक्षर तुम्ही घरी रोज बघता ना, म्हणून तिने माझ्याकडून लिहून घेतलं.”