रिकामी पेटी

तीन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाचं, गाव्रिलाचं, फौजेतून पत्र आलं होतं. येव्हसेई लुकिचने ते पोथीत जपून ठेवलं, पण उत्तर काही दिलं नाही.

"बाबा, आपला तिमोशा गेल्याचं इथल्या कचेरीत कळलं. शेवटी काय म्हणाला तो? माझी आठवण काढली का?"

तिमोशा गेलाच नव्हता. झारचा अंमलदार जमीनदारांची पोरं फौजेसाठी न्यायला आला, तेव्हा बापाने तिमोशाला घरातल्या भट्टीमागे दडवलं आणि त्याच्या नावाने रिकामी पेटी पुरली. मर्तिकाची धिरडी खाताना पोरगा हसत म्हणाला होता, "बाबा, माझ्या मयतीला लोण्यात हात आखडता घेतलात हं!"

पत्रं वाटेत फोडली जात. खरं लिहिलं असतं तर जमीनही गेली असती आणि पोरगाही. खोटं लिहायला मात्र येव्हसेईचा हात धजेना.

या हिवाळ्यात तिमोशाला ताप भरला. मेलेल्या मुलासाठी वैद्य बोलवायचा तरी कसा, या विचारातच दिवस गेले, आणि मग पोरगाही गेला.

गुपित ठाऊक असलेले पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "येव्हसेई लुकिच, क्रूस उभाच आहे. पेटी तेवढी वर काढू."




दुसऱ्या दिवशी डाकेच्या घसरगाडीवाल्याच्या हाती येव्हसेईने उत्तर ठेवलं: "गाव्रिला बाळा, हो, तुझी आठवण काढली. दादा कधी येणार, एवढंच विचारत होता."