गुणाचं बाळ

मोरजीतल्या घराच्या दोन खोल्या सुलक्षा पर्यटकांना भाड्यानं देते, त्यामुळे फोन दिवसभर तिच्या हातात असतो. सहा महिन्यांचा बाबू आत पाळण्यात असतो. शेजारणी म्हणतात, किती गुणाचं बाळ, आईला काही म्हणून त्रास नाही.

त्या दुपारी तिची पाच वर्षांची मुलगी गौरवी अंगणात घर-घर खेळत होती. काजूच्या बोंडूला चिंधी गुंडाळून तिनं बाळ केलं होतं. बाळाला तिनं जमिनीवर निजवलं, कौलाचा एक तुकडा तळहातावर धरला आणि त्यावर अंगठा फिरवत बसली. बाळाचं रडणंही तीच रडत होती, मोठ्यानं, मान वर न करता.

पायरीवर बसून पाहुण्यांना उत्तरं पाठवणाऱ्या सुलक्षाला हसू आलं. “गौरवी, तुझां बाळ रडता गो. उचलून घे तेका.”

“रडांदे. मागीर आपोआप गप रवता.”

“कोणी सांगल्यान तुका?”

“आपलो बाबू रवता तसो.”

सुलक्षाचा अंगठा थांबला. मघाशी आतून रडणं ऐकू येत होतं. ते कधी थांबलं, तिला आठवेना. फोन पायरीवरच टाकून ती आत गेली.

बाबू जागाच होता, वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत. तिनं हाक मारली आणि पाळण्यावर वाकली. तिचा चेहरा आड आला, तशी त्यानं मान थोडी बाजूला केली आणि पुन्हा पंखा बघू लागला.