सरळ पायली

चार वाट्या, दोन तांबे, एक परात, एक डबा. सगळं पालथं. नऊ वर्षांची गुड्डी बोलायची नाही, पण हाती लागेल ते भांडं पालथं घालायची. तिच्या आईनं, राखीनं, मोजून वहीत लिहिलं.

त्याच वहीत गुड्डीचं घरातून निघून जाणंही होतं. जूनमध्ये चौदा वेळा. दर वेळी शेजारची धानगिरणी सुरू झाल्यावर. राखी गिरणीच्या वेळी तिच्या कानांवर जाड दुपट्टा बांधू लागली. जुलैत दोनच वेळा. तरी नवऱ्यानं, हेमराजनं, दाराला आतून आपल्या डोक्याच्या उंचीवर कडी ठोकली.

ऑगस्टमध्ये पुन्हा चार वेळा. गिरणी बंद होती. चारही वेळा राखी न्हाणीत होती. गुड्डी सानगडीच्या तळ्याच्या पाळीवर सापडली, आणि दाराशी, कडीखाली, धान मोजायची पायली उभी होती.

"न्हाणीत घर करून राह्यते हे," सासू मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या कमरेतून वाकलेल्या, पायरीसुद्धा भिंत धरून चढायच्या. "कडी मले पोचत नाही, मी घरात कैदी. अन् पोरगी मोकाट!"

"पायलीवर चढून काढते ते," हेमराज म्हणाला. "नागपूरच्या होस्टेलचा फार्म भरला म्या. अजून एक डाव निघाली, का सोमवारी नेऊन सोडतो."

"मी नाही सोडत तिले."

"मंग तळ्यातून काढजो एक दिवस."

बोलता बोलता राखीनं पायली उचलून कोपऱ्यात पालथी ठेवली.

"पालथी काहून ठेवली वं? धान टिकन का घरात?" सासूबाई ओरडल्या.

हेमराजनं न बघताच वाकून ती सरळ केली. हात सवयीनं गेला.

राखी त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं वही उघडली. चारही नोंदींत तेच दोन शब्द होते: पायली सरळ.

रविवारी ती न्हाणीत गेली. नळ सोडला. दहा मिनिटांनी कडी वाजली. जमिनीवर काहीतरी टेकल्याचा आवाज आला. मग घाईची पावलं, आणि अंगणातून हेमराजची हाक.

"माय वं! गुड्डी निघाली! पायलीवर चढून निघाली! तळ्याकडे पळाली!"

राखीनं नळ बंद केला आणि मोजलं. न्हाणीत पालथा तांब्या एक, पालथा मग्गा एक. माणसं दोन: ती आणि गुड्डी.