डॉक्टरांना आलेलं बोलावणं

"प्रमुखपद मला नको," डॉक्टर म्हणाले, आणि टेबलाभोवती बसलेल्या विश्वस्तांना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

शहरातल्या सगळ्यात मोठ्या इस्पितळाची ती खुर्ची. भलेभले तिच्यावर डोळा ठेवून होते, आणि ती चालत डॉक्टरांच्या दारी आली होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की शहराबाहेर चर्चच्या सिस्टरांचं एक घर आहे, ज्यांना कुणी नाही अशी माणसं तिथे शेवटचे दिवस काढतात. आपण आता तिथे जाणार. डॉक्टर म्हणून नाही. पडेल ते काम करायला.

हे खूळ त्या बैठकीत अचानक डोक्यात शिरलं नव्हतं. इस्पितळाने हात टेकले म्हणून सोडून दिलेला एक हमाल त्या घरात वारला होता आणि मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टर गेले होते. हमालाची दाढी केलेली होती. केसांचा भांग पाडलेला होता. हातापायांची नखं कापलेली होती, अगदी करंगळीचंसुद्धा. परतताना डॉक्टरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि ते लहान मुलासारखे रडले. आजवर इतकी माणसं त्यांच्या हाताखालून गेली, पण एकाचीही नखं त्यांच्या नजरेस पडली नव्हती. देव आपल्याला हाक मारतोय, हे त्यांना तिथेच, स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं असताना कळलं.

विश्वस्तांची बैठक आटोपून घरी आले तेव्हा बायको त्यांच्या आईला सूप भरवत होती. अर्धांगवायूने म्हातारीची एक बाजू गेली होती. बायको पूर्वी डॉक्टरांच्याच वॉर्डात नर्स होती. सासूबाईंनी अंथरूण धरलं तशी तिने नोकरी सोडली, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. तिचा चमचा हवेतच थांबला.

"कुठलं घर म्हणालात?"

"सिस्टरांचं. शहराबाहेरचं."

तिने चमचा वाटीत ठेवला. मग तिने विचारलं, "आणि आई?"

"तू आहेस ना."

"हो," ती म्हणाली. "मी आहेच." आणि तिने सासूबाईंची हनुवटी पुसली.

तिला बंगल्याचं, गाडीचं वाईट वाटत असणार, असं डॉक्टर धरून चालले. संसारात जीव अडकलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागतो. त्यांनी तिला मनोमन क्षमाही करून टाकली.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी फादरांनी नाव न घेता उल्लेख केला, की मोठेपण उतरवून ठेवणारी माणसं आजही आपल्यात आहेत. सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. डॉक्टरांनी डोकं खाली घातलं. आत कुठेतरी गोड वाटलं, आणि वाटल्याबरोबर त्यांना स्वतःची शरम आली. त्यांनी देवाची क्षमा मागितली. अगदी मनापासून मागितली.

दुसऱ्या दिवशी ते सिस्टरांच्या घरी गेले. तिथल्या प्रमुख मदर मागच्या अंगणात चादरी धूत होत्या. त्यांनी काही न विचारता एका ओल्या चादरीचं टोक डॉक्टरांच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ती पिळली. पिळता पिळता डॉक्टर बोलत राहिले. फरशी पुसेन, भांडी घासेन, माणसांना न्हाऊ घालेन, सगळ्यात खालचं काम द्या, म्हणाले.

मदरनी ऐकून घेतलं. मग घरी कोण कोण असतं, ते विचारलं. डॉक्टरांनी आईच्या आजारपणाचं सांगितलं.

"त्यांचं कोण करतं?"

"बायको. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं, सगळं तीच."

"तुम्ही?"

"मला वेळ कुठे मिळतो," डॉक्टर म्हणाले.

मदरनी चादर झटकून दोरीवर टाकली. डॉक्टर थोडे अस्वस्थ झाले. त्यांनी विचारलं, "देवाने मला बोलावलंय, याची तुम्हाला शंका वाटते का?"

"मुळीच नाही," मदर म्हणाल्या. "तुम्हालाच बोलावलंय. इथली नर्सची जागा आम्ही अजून कुणाला दिलेली नाही. तुमच्या बायकोने ती मागितली आणि पुढच्याच महिन्यात सासूबाई आजारी पडल्या. तुम्हाला ती बोलली नसेल. तेव्हापासून आम्ही सगळ्या रोज सकाळी देवाकडे एकच मागतो, त्या म्हातारीला न्हाऊ घालायला कुणीतरी पाठव म्हणून."