नवऱ्याची सही

"तुमच्या बहिणीची सही लागेल," सुशीला वकील म्हणाल्या. "आणि तिच्या नवऱ्याचीही."

"तिला नवरा नाय," गोकुळदास म्हणाला.

वकीलबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. डिचोलीच्या बाजारात कापडाचे दुकान चालवणारा हा गृहस्थ खोटे बोलत नव्हता. त्याचे खरोखरच तसे मत होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याची धाकटी बहीण तारा यशवंतबरोबर निघून गेली. यशवंत सिंधुदुर्गातला, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. ना जात जुळत होती, ना घराणे. हे लग्नच नव्हे, असे गोकुळदासने त्याच दिवशी जाहीर केले आणि संबंध तोडले. पुढे आई गेली, वडील गेले. ताराला कळले ते लोकांकडून.

आता सर्वण गावातले वडिलांचे घर आणि मागचे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, विकायची होती. गिऱ्हाईक मुंबईचे, घाईचे. पण गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि ज्याचे लग्न झाले त्याच्या वाट्यात नवरा-बायको दोघेही मालक. गोकुळदासच्या बायकोचीही सही लागणार होती. ती करणारच होती. तिला अजून विचारले नव्हते.

गोकुळदास पेडण्याला गेला. तिथे यशवंतचे आता स्वतःचे गॅरेज होते आणि त्याला लागूनच घर. ताराने दार उघडले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादा! कोण गेलं?"

"कोण नाय. तुझी सही जाय आसा."

तिने चहा केला, पोई, म्हणजे गव्हाचा पाव, कापून समोर ठेवली. गोकुळदासने नुसता चहा घेतला. यशवंत हात पुसत गॅरेजमधून आला आणि दाराशी उभा राहिला. गोकुळदास जे बोलायचे ते बहिणीशीच बोलला. ताराने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. आईचे घर दुसऱ्याचे होणार, एवढेच ती एकदा स्वतःशी पुटपुटली. मग म्हणाली, "करीन सही. पडीक ठेवण्यापेक्षा बरं."

पुढच्या आठवड्यात तिघे वकीलबाईंसमोर बसले. वकीलबाईंनी लग्नाचा दाखला मागितला.

"दाखलो नाय," यशवंत म्हणाला. "पेडण्याच्या देवळात हार घातले. नोंद खंयच केली नाय."

वकीलबाईंनी वहीतले यशवंतचे नाव खोडले. "मग गोव्याच्या कायद्याने हे लग्न झालेलेच नाही, इथे नोंद लागते. ताराबाई अविवाहित. त्यांची एकटीची सही पुरे."

गोकुळदासने टेबलावर थाप मारली. "मी इतकी वर्सं काय सांगत होतो?"

यशवंत खाली बघत राहिला. कारकुनाने मसुदा टाइप करून आणला. ताराने पेन उचलले, पहिली ओळ वाचली आणि पेन परत ठेवले. तिच्या नावाआधी 'कुमारी' लिहिले होते.

"दोन मुलांची आई मी," ती म्हणाली. "थोरलीचं लग्न ठरतंय. कुमारी म्हणून सही करायची नाय मी. आधी आमच्या लग्नाची नोंद होऊ दे. आणि दादा, साक्षीला तू यायचं."

"नोंद झाली की मालकीच्या गोष्टी बदलतात," वकीलबाई गोकुळदासला म्हणाल्या. "नीट विचार करा."

"बदलू देत. गिऱ्हाईक थांबणार नाय."

मग जे लग्न झालेच नव्हते त्यासाठी गोकुळदास धावू लागला. जन्माचे दाखले त्याने काढले. कचेरीतल्या ओळखी त्याने शोधल्या. उशीर होतो म्हणून तोच कारकुनांशी भांडला. ठरलेल्या दिवशी तारा हिरवे लुगडे नेसून आली. यशवंतने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याला घाम फुटला होता. कोणाची हरकत आहे का, असे रजिस्ट्रारने विचारले.

"कोणाची हरकत नाय," गोकुळदास म्हणाला. "लवकर करा."

सही करून तो वळला, तर तारा त्याच्या पायाशी वाकलेली. त्याचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. तिच्या भांगाशी केस पांढरे झाले होते.  मग तो खाकरला आणि म्हणाला, "खरेदीखत सोमवारी."

सोमवारी सगळे वकीलबाईंकडे जमले. मुंबईचे गिऱ्हाईक घड्याळ बघत होते. गोकुळदासने सही केली, त्याच्या बायकोने त्याने बोट ठेवले तिथे केली. ताराने केली. वकीलबाईंनी कागद यशवंतपुढे सरकवला.

"ह्यांची कशाला?" गोकुळदास म्हणाला. "बहिणीची एकटीची पुरे म्हणालात ना?"

"तेव्हा त्या अविवाहित होत्या. आता ताराबाईंच्या वाट्यात यशवंतराव निम्म्याचे मालक. त्यांनी सही केली नाही तर घर विकले जाणार नाही." वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि हे लग्न लावून दिलंत तुम्हीच."

खोलीत सगळे यशवंतकडे बघू लागले. त्याने पेन हातात घेतले, पण कागदाकडे पाहिले नाही. तो ताराकडे पाहत होता.

"भावोजी," गोकुळदास म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. "सही करा हो."

यशवंतने पेन हळूच टेबलावर ठेवले. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"करतंय की. पण माझा घर मी अजून भितरसून बघूक नाय."